काटोच्या युनिट्रॅकवर माथेरानची गाडी

दिवाणाएवढ्या जागेत घरच्या घरी रेल्वे उभी करायची असेल, तर काटो या जपानी कंपनीचा एन गेज, म्हणजे लहान मापाचा, युनिट्रॅक डोळे झाकून घ्या. हा तुकडे जोडून उभा करायचा खेळगाडीचा रूळ. आणि घेतल्यावर तो पूर्ण झाकून टाका. या ट्रॅकबद्दल माझं मत एवढंच आहे. पण यातल्या दुसऱ्या वाक्याला पहिल्याहून कितीतरी जास्त कष्ट पडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीत दातांची लॅब चालवते. कवळ्या, कॅप, ब्रिज हे रोजचं काम. माहेर नेरळचं, त्यामुळे कोणती रेल्वे करायची हे ठरवावं लागलंच नाही. चार फूट बाय अडीच फुटांचा बोर्ड, त्यावर नेरळ-माथेरान मार्गावरचं जुम्मापट्टी स्टेशन, वर चढणारी वळणं, एक बोगदा आणि रुळाखालून ओहळ जाईल अशी एक मोरी. खऱ्या मार्गावरची अंतरं मी जवळ ओढली आहेत, कारण नेरळ ते माथेरान सुमारे २१ किलोमीटर कुणाच्याही हॉलमध्ये मावणार नाही.

आधी मापाचं बोलू, कारण ट्रॅक विकत घेताना बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. युनिट्रॅकच्या दोन रुळांमध्ये ९ मिलिमीटर अंतर असतं. काटो हा ट्रॅक १:१५० आणि १:१६० या प्रमाणातल्या जपानी, अमेरिकन, युरोपियन गाड्यांसाठी करते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे १:१६० मध्ये साडेदहा मिलिमीटरचा रूळ हवा. ९ वर चालवली तर समोरून बघताना इंजिन अरुंद पायांवर उभं वाटतं. माथेरानची लाइन मात्र ६१० मिलिमीटरची. प्रमाण बदलून १:७६ धरलं, तर तिला ८ मिलिमीटर लागतात आणि हातात ९ आहेत. फरक एका मिलिमीटरचा. इंग्लंडमधली नॅरोगेजवाली मंडळी हाच जोड वापरतात, त्याला ओओ-नाइन म्हणतात. म्हणून एन गेजचा ट्रॅक आपल्या ब्रॉडगेजपेक्षा माथेरानच्या गाडीलाच जास्त शोभतो, असं माझं ठाम मत आहे. शिवाय १:७६ मध्ये माणूस २२ मिलिमीटरचा होतो. चेहरा रंगवता येतो, डोक्यावर पाटी देता येते. १:१६० मध्ये तेच माणूस तांदळाच्या दाण्याच्या पंक्तीत जाऊन बसतं.

आता प्रत्यक्ष ट्रॅक. तुकडे कडक प्लास्टिकच्या पायावर येतात, राखाडी खडी आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, त्यातच घडवलेले. सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा, मग १८६, १२४, ६२ असे लहान. वळणं त्रिज्येच्या नावाने ओळखली जातात: २४९, २८२, ३१५, ३४८, आणि लहान जागेसाठीच्या कॉम्पॅक्ट मालिकेत ११७, १५०, १८३. मी खालचं मोठं वळण २४९ चं ठेवलं आहे. आठ तुकड्यांचा पूर्ण गोल साधारण ५२ सेंटिमीटरमध्ये बसतो, अडीच फुटी बोर्डावर कडेला डोंगराला जागा उरते. डोंगरावरच्या वळणाला १८३ आणि एका ठिकाणी १५०. माथेरानची लाइन मुळात बोगदे टाळून डोंगराच्या अंगाने वळत वळत चढते. आख्ख्या मार्गावर बोगदा एकच. त्यामुळे इतकी तीव्र वळणं इथे खरी वाटतात. ब्रॉडगेजच्या लेआउटवर ती खेळण्यासारखी दिसली असती.

जोडणी ही या ट्रॅकची खरी ताकद. प्रत्येक टोकाला युनिजॉइनर नावाची प्लास्टिकची खोबण आणि तिच्यात धातूची पट्टी. दोन तुकडे एका रेषेत धरून दाबले की टच् असा आवाज येतो, आणि मग बोटाने रुळावरून फिरवलं तर जोड नखाला जेमतेम कळतो. मी आधी सगळा आराखडा फरशीवर मांडला, सोडवला, पुन्हा मांडला. मुलगा शाळेतून आला की "आई, आज कुठलं वळण बदललंस?" हाच त्याचा पहिला प्रश्न. खिळे नाहीत, सोल्डरिंग नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी तर हे वरदान आहे, कारण घर बदललं तरी ट्रॅक उचलून बरोबर नेता येतो.

सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते तुकडे, दोन प्रकारचे: नंबर चार आणि नंबर सहा. नंबर चार १२६ मिलिमीटर लांब आणि नंबर सहा १८६. दोन्हींच्या पोटातच मोटर बसवलेली असते आणि बाहेर फक्त दोन वायरी येतात. खालून बोर्डाला भोक पाडून यंत्र लटकवायची गरज नाही. जागा कमी म्हणून सगळे नंबर चारकडे वळतात. मी जुम्मापट्टीला नंबर सहा टाकले आणि फलाट तेवढा आखूड केला. कारण असं: माझ्या इंजिनाला चारच चाकं आहेत. इतक्या लहान इंजिनाला सांध्याच्या मधल्या भागात, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, वीज सलग मिळाली पाहिजे, नाहीतर ते तिथेच थबकतं. नंबर सहाच्या त्या भागात सांधा ज्या बाजूला लावलाय त्याप्रमाणे वीज आपोआप येते. नंबर चारमध्ये तळाचे बारीक स्क्रू हलवून हे ठरवावं लागतं. लांब इंजिनं चालवणार असाल तर नंबर चार खुशाल घ्या.

इंजिनाचं विचारणारे भेटतात म्हणून सांगते. माथेरानच्या गाडीचं तयार मॉडेल शोधत बसण्यापेक्षा काटोच्याच पॉकेट लाइन मालिकेतल्या छोट्या गाडीची चासी, म्हणजे चाकं आणि मोटर असलेला खालचा भाग, घ्यावी आणि वरचा सांगाडा आपण करावा. जगभरचे नॅरोगेजवाले हेच करतात. माझ्या लॅबमध्ये दातांसाठीचा रेझिन प्रिंटर आहे, त्यावर मी डिझेल इंजिनाचं आणि डब्यांचं कवच छापलं. प्रिंटर नसेल तर प्लास्टिक शीट आणि कटरनेही होतं, डबे तसे चौकोनीच आहेत. ही चासी १५० च्या वळणावर कुरकुर न करता फिरते.

नेरळहून आप्पा आले तेव्हा गाडी लावून दाखवली. ते खुर्ची ओढून बसले, बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, एवढ्या जोरात नाही जात ती. माणूस उतरून बरोबर चालू शकतो." मग मी हिशेब मांडला. या मार्गावर गाडीचा कमाल वेग ताशी २० किलोमीटर. १:७६ मध्ये तो सेकंदाला साधारण ७ सेंटिमीटर होतो. म्हणजे २४८ चा एक सरळ तुकडा ओलांडायला साडेतीन सेकंद तरी लागले पाहिजेत, चढावर त्याहून जास्त. कुठलाही ट्रॅक पारखायचा असेल तर ही परीक्षा घ्या. वेगात सगळेच ट्रॅक बरे वाटतात. रांगत्या वेगाला प्रत्येक जोडातली वीज तपासली जाते. युनिट्रॅकवर गाडी या वेगाला न अडखळता चालते, अट एकच की रूळ स्वच्छ हवेत आणि वीज एकाच ठिकाणाहून नको. वायरी जोडलेला ६२ मिलिमीटरचा फीडर तुकडा मिळतो, तो मी खाली एक, स्टेशनात एक आणि वरच्या वळणावर एक असा घातला आहे.

विजेबाबत एक सावधगिरी. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची. तिकडच्या बाजारासाठी बांधलेला संच मागवलात तर त्यातला अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात लावण्याआधी त्यावरचा मजकूर वाचा. गाडीला हवे असतात १२ व्होल्ट डीसी, आणि तेवढं देणारा चांगला कंट्रोलर इथेही मिळतो.

चढ हा या ट्रॅकचा नाजूक भाग. माथेरानचा चढ काही ठिकाणी २० ला १ आहे, म्हणजे पाच टक्के. युनिट्रॅकचा तुकडा कडक असल्यामुळे तो मध्ये वाकत नाही, चढाची सुरुवात जोडावरच होते. सपाटीवरून एकदम पाच टक्के धरले तर जोडाला कोन पडतो आणि डब्यांचे हुक सुटतात. उपाय म्हणजे चढाच्या सुरुवातीला आणि शेवटी ६२ चे तुकडे वापरून एकेक टक्का वाढवत जाणं. मी एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलसारखा, पण कडक) पट्ट्या तासून उतरण केली, कमाल चढ चार टक्क्यांवर थांबवला, आणि इंजिनामागे तीनच डबे लावते. वुडलँड सीनिक्स या कंपनीच्या तयार फोम उतरणीही दोन, तीन आणि चार टक्क्यांत येतात. हाताने तासायचा कंटाळा असेल त्यांनी त्या घ्याव्यात.

आता झाकण्याचं काम. पाकिटातला युनिट्रॅक जपानी मेन लाइनसारखा दिसतो: स्लीपर बारीक, एकमेकांना चिकटून, खडीची उतरण सुरीने कापल्यासारखी. नॅरोगेजला स्लीपर विरळ आणि ओबडधोबड हवेत. पेको या इंग्लिश कंपनीचा नॅरोगेजसाठीचा लवचीक ट्रॅक मिळतो, त्यातले स्लीपर मुद्दामच थोडे वेडेवाकडे केलेले असतात. दिसण्यात तो युनिट्रॅकच्या खूप पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तो कापावा लागतो, वळवून बसवावा लागतो, जोड भक्कम हवे असतील तर सोल्डर करावे लागतात. ज्यांचा लेआउट एका खोलीत कायमचा राहणार आहे त्यांनी पेकोच घ्यावा. माझा बोर्ड रात्री भिंतीला उभा राहतो, मला युनिट्रॅकची कडक पाठ हवी.

म्हणून मी हे करते. ट्रॅक कायमचा बसवण्याआधी सांध्यांच्या हलत्या पट्ट्यांवर कागदी टेप लावून सगळ्यावर मॅट प्रायमरचा हलका फवारा. हा टप्पा कुणीही गाळू नये. मूळ प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर फेविकॉलने चिकटवलेली खडी वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटून येते. मॅट थराने तिला धरायला जागा मिळते. मग रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग, वरचा माथा लगेच पुसून घ्यायचा. प्रत्येक तिसरा स्लीपर मातीच्या भुकटीखाली अर्धा बुडवते, त्यामुळे उरलेले आपोआप विरळ दिसतात. शेवटी बारीक खडी आणि माती उतरणीवर भुरभुरवायची, स्पिरिटचा फवारा मारून ओली करायची आणि पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. सांध्यांजवळ हे द्रावण जाऊ द्यायचं नाही, तिथे कोरडाच रंग द्यायचा. वाळल्यावर प्लास्टिकची ती धारदार उतरण कुठे होती हे शोधावं लागतं.

माती कुठली, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. माथेरान चढताना डोंगर रंग बदलतो. खाली काळा कातळ, थरावर थर बसलेला बेसॉल्ट. वर पठारावर जांभा आणि त्याची तांबडी धूळ, जी घरी आल्यावरही चपलेला दोन दिवस सोडत नाही. माझ्या बोर्डावर खालची कड काळी आहे आणि वरचं वळण लाल, मध्ये दोन्हींची सरमिसळ. लाल माती खरी, तिकडूनच आणलेली. लोखंडी तव्यावर खरपूस तापवायची म्हणजे किडे-बुरशी मरते, मलमलच्या कापडातून चाळायची आणि मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचा. जांभ्याच्या मातीत लोहाचे कण असतात. ते मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटले तर चासी जाम होते. प्रत्येक वेळी चुंबकाला काळी मिशी येते, ती पुसून पुन्हा फिरवायचं, चुंबक स्वच्छ येईपर्यंत.

कातळासाठी माझा धंदा उपयोगी पडला. दाताचं माप घ्यायला जी सिलिकॉन पुट्टी वापरतात, ती मळून मी जुम्मापट्टीच्या वाटेवरच्या खऱ्या दगडावर दाबून बसवली. पाचेक मिनिटांत ती घट्ट होते, सोलून काढली की दगडाची प्रत्येक भेग उलट उमटलेली. माप घ्यायची दुसरी वस्तू, आल्जिनेट, स्वस्त पडतं पण ते पाणी सोडून आकसतं, लगेच ओतलं नाही तर माप बिघडतं. पुट्टीच्या साच्यातून मात्र कितीही कातळ निघतात. त्यात डेंटल स्टोन, म्हणजे दातांच्या साच्यांसाठीचं कडक प्लॅस्टर, ओतते, साधं पीओपी नाही. स्टोनची कड तीक्ष्ण राहते. तयार कातळाला आधी पाण्यासारखा पातळ काळा रंग, तो भेगांत उतरला की वरून कोरड्या ब्रशने राखाडी. काळ्या पाण्याचा ओघळ भेगेतून खाली धावतो आणि बघता बघता पांढऱ्या प्लॅस्टरचा सह्याद्री होतो, तो क्षण मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात प्रिय आहे.

झाडांना जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड, आणि पानांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून. तयार मिळणारी परदेशी झाडं सुंदर असतात, पण त्यांतली सूचिपर्णी माथेरानला लावू नका. माकडं हवीतच. लॅबमधलं प्रकाशाने कडक होणारं कंपोझिट, म्हणजे दातांसाठीचं मटेरियल, सुईच्या टोकावर घेऊन बसलेलं माकड घडवलं, पाच मिलिमीटरचं, शेपूट खाली सोडलेली. दिव्याखाली कडक केलं आणि जुम्मापट्टीच्या छपरावर बसवलं.

ऋतू कोणता दाखवायचा हे आधी ठरवा. सगळ्यांना पावसाळा करायचा असतो: धबधबे, हिरवंगार गवत, धुकं म्हणून कापूस. पण पावसाळ्याचे चार महिने नेरळहून गाडी वर जातच नाही, दरडींमुळे बंद असते. तेव्हा चालते ती फक्त माथेरानच्या अलीकडच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल. भर पावसातल्या जुम्मापट्टीत गाडी उभी केली तर नेरळचं शेंबडं पोरही चूक काढेल. माझा लेआउट नोव्हेंबरातला आहे. गवत शेंड्याला पिवळं पडू लागलेलं, ओहळात पाण्याची एकच रेघ, झाडी अजून गच्च.

खऱ्या पावसाळ्यात आपल्या हवेचा ट्रॅकवर काय परिणाम होतो, हेही लिहायला हवं. रूळ निकेल सिल्व्हरचे असल्यामुळे लोखंडासारखे गंजत नाहीत, पण दमट हवेत काळपट थर कुठल्याही कंपनीच्या रुळांवर धरतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसायचे, पॉलिश पेपरने कधीही घासायचे नाहीत. ओरखड्यांत घाण आणखी बसते. बोर्ड उभा करून ठेवताना वर जुनी चादर टाकायची. प्लॅस्टरकाम जुलै-ऑगस्टमध्ये काढूच नये, वाळता वाळत नाही आणि फेविकॉलला बुरशी येते. ते महिने मी डबे रंगवण्यात घालवते.

खर्चाचं म्हणाल तर ट्रॅकची छापील किंमत ही अर्धीच गोष्ट. कुरियर आणि कस्टम धरून हिशेब करा, आणि एकेक पाकीट मागवण्यापेक्षा आराखडा पक्का करून एकदाच मागवा. एका विक्रेत्याने, नाव लिहीत नाही, मला डावीकडचे दोन सांधे पाठवले, मागवले होते एक डावा आणि एक उजवा. बदलून मिळेपर्यंत काम अडून राहिलं. पार्सल उघडताना सांध्याची बाजू तपासा आणि मगच खोका टाका. जपानी टोमिक्सचा फाइनट्रॅकही चांगला आहे आणि त्यात १०३, १४०, १७७ अशी लहान वळणं मिळतात. पण दोन्ही कंपन्यांचे जोड वेगळे, समांतर रुळांमधलं अंतरही वेगळं, काटोचं ३३ आणि टोमिक्सचं ३७ मिलिमीटर. एकदा एक घेतला की त्याच घरात राहायचं.

नवीन माणसाने सुरुवात काय घेऊन करावी? २४९ च्या वळणांचा एक पूर्ण गोल, २४८ चे सरळ तुकडे चार, ६२ चे मूठभर, एक फीडर आणि नंबर सहाचे दोन सांधे, डावा आणि उजवा, शिवाय फुटलेला रूळ पुन्हा समांतर करायला ७१८ त्रिज्येची दोन वळणं. यात गोल, मध्ये एक स्टेशन आणि गाड्यांच्या क्रॉसिंगला दुसरी लाइन एवढं उभं राहतं. डोंगर, बोगदा, माकडं त्यानंतर. ज्यांनी अजून चालता लेआउट पाहिलाच नाही त्यांनी आधी पुण्याला कोथरूडमध्ये जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन यावं. १९९८ पासून ते सुरू आहे, आणि आपल्याला गाडी आवडते की गाडीभोवतीचं गाव, हे तिथे उभं राहिलं की कळतं. मला गाव आवडतं.

माझ्या बोर्डावर अजून एक बाजू कोरी आहे, जुम्मापट्टी स्टेशनाच्या मागची. समोरचे फोटो भरपूर मिळतात, मागच्या भिंतीचा आणि तिथल्या झाडीचा एकही चांगला हाती लागलेला नाही. नेरळ-माथेरानकडच्या कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये असेल तर मला तो बघायला आवडेल. रंग उडालेला असला तरी चालेल, खिडक्या कुठे आहेत तेवढं दिसलं पाहिजे.